खापरपणजोबांची बढती

आमच्या खापरपणजोबांनी एका इंग्रज कलेक्टरच्या थोबाडीत मारली होती. तुमच्यांनीही मारली असेल. मराठी घरात खापरपणजोबा होऊन गेला आणि त्याने गोऱ्या साहेबावर हात उगारला नाही, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. कुणी भर कचेरीत मारली, कुणी घोड्यावरून खाली ओढून मारली. ज्यांचे पूर्वज स्वभावाने अगदीच गरीब होते, त्यांनीही "साहेब, बूट बाहेर काढा, हे देवघर आहे" एवढं तरी सुनावलंच. आता मुंबई इलाख्यातले जिल्हे सिंध धरूनही पंचविसाच्या आसपास, आणि साऱ्या हिंदुस्थानातले आयसीएस अधिकारी मोजले तरी हजार-बाराशेच्या घरात. एकट्या सदाशिव पेठेतल्या थपडा वाटून दिल्या तरी दर कलेक्टरचा निम्मा दिवस गाल चोळण्यात गेला असला पाहिजे. अशा स्थितीत त्यांनी इथे सव्वाशे वर्षं राज्य केलं कसं, हे इतिहासकारांनी बघावं.

त्यातून गंमत अशी, की ज्या सरकारच्या साहेबाला थोबाडीत बसली, त्याच सरकारने पुढे खूश होऊन आमच्या खापरपणजोबांना रावबहादुरकी दिली. ही दोन्ही विधानं आमच्या घरात एकाच श्वासात केली जातात आणि आजवर कुणालाही ठसका लागलेला नाही.

मीही हे निमूट ऐकत आलो होतो. पण मुलीचं लग्न ठरलं आणि साखरपुड्याला व्याह्यांनी पेढ्यांच्या पुड्याबरोबर त्यांचा कुलवृत्तांत आमच्या हातात ठेवला. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, पानोपानी पगडीतले पुरुष आणि शेवटी घडीचा वंशवृक्ष. तो उलगडला तेव्हा मूळपुरुष दिवाणखान्यात राहिला आणि आमचे जावई स्वयंपाकघरात पोचले.

"तुमचा कुठाय?" विहीणबाईंनी सहज विचारलं.

"छपाईला गेलाय," आमची ही तितक्याच सहजपणे म्हणाली.

पाहुणे गेल्यावर तिने मला बोलावून घेतलं. "अहो, तुमच्यात ते रावबहादूर होते ना? लिहून काढा पटकन. शंभर पानं झाली तरी पुरे. जाड कागद वापरू."

कामाला लागल्यावर पहिली अडचण नावाची आली. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. त्यामुळे विष्णूचा महादेव, महादेवाचा विष्णु, विष्णूचा पुन्हा महादेव, अशी घराण्याची वाटचाल. एखादा कागद 'महादेव विष्णु' या नावाचा सापडला, तर तो खापरपणजोबांचा की आजोबांचा, हे कळायला मार्ग नाही. एका महादेवाने घेतलेलं कर्ज दुसऱ्या महादेवाने फेडल्याच्या पावत्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक अख्खा विष्णु होऊन गेलेला आहे.

दुसरी अडचण हुद्द्याची. माझे आजोबा सांगायचे, की खापरपणजोबा सरकारात कारकून होते. वडिलांच्या काळात ते अव्वल कारकून झाले. थोरल्या काकांनी त्यांना शिरस्तेदार केलं आणि नंतर एका मौंजीत, जेवणं झाल्यावर, मामलेदार. न्यू जर्सीचा पुतण्या तिकडच्या मित्रांना ते ब्रिटिश सरकारात मंत्री होते असं सांगतो. हयातीत ज्या माणसाला एक बढती मिळाली असेल-नसेल, तो मेल्यानंतर इतक्या झपाट्याने वर चढला. आणखी दोन पिढ्या गेल्या तर व्हाइसरॉयची जागा त्यांच्यासाठी रिकामी करावी लागणार.

याच पुतण्याने आपली थुंकी नळीत भरून एका कंपनीला पाठवली होती. तपासणी होऊन उत्तर आलं, की आपले पूर्वज हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडचे असावेत. हे त्याला आत्याने फुकट सांगितलं असतं, आणि गोत्रासकट.

आत्या हा आमच्या घराण्याचा खरा दप्तरखाना. कोण कुणाच्या लग्नात रुसलं, कुणाची सुगडं कुणी फोडली, कुणाला कुठे दत्तक दिलं, सगळं तोंडपाठ. तिच्या मते खापरपणजोबांना विचारल्याशिवाय टिळक अग्रलेख लिहीत नसत. मी म्हटलं, "आत्या, केसरी निघाला १८८१ साली, पुण्यात. हे तर सगळी नोकरी कोकणात होते म्हणतेस."

"मग पत्राने विचारत असतील!"

तिला पुरावा म्हणून थोरल्या काकांचा हस्तलिखित वंशवृक्ष दाखवला. तिने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात मी कुठे आहे?" ती नव्हती. तिची आई नव्हती, आजी नव्हती. विष्णूपासून महादेव झाला, महादेवापासून विष्णु झाला, मध्ये बाईमाणसाचा संबंधच नाही. काकांनी खुलासा केला, की मुली दिल्या घरी जातात म्हणून त्या धरत नाहीत, आणि सुना परक्या घरून येतात म्हणून त्या धरत नाहीत. सुना धरायच्या म्हटलं तरी पंचाईतच, कारण लग्नात नाव बदलून दर पिढीत एक रमा आणि एक लक्ष्मी करून ठेवलेली. तिचं माहेरचं नाव काय, माहेर कुठलं, हे सासरी विचारणार कोण? सगळी माहिती आत्याकडून घ्यायची आणि झाडावर मात्र काकांनी बसायचं, हा बेत आत्याने तिथल्या तिथे मोडून काढला. पुढचे काही दिवस ती माझ्याशी फक्त हवापाण्याविषयी बोलली.

मग मी मूळ गाव ज्या तालुक्यात येतं, तिथल्या कचेरीत गेलो. जन्ममृत्यूची जुनी नोंद, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, तिची नक्कल मिळेल असं कुणी तरी सांगितलं होतं. अर्ज लिहिला, कोर्ट फी स्टँप चिकटवला. खिडकीतल्या माणसाने अर्ज दोनदा वाचला.

"प्रकरण काय आहे?"

"प्रकरण नाही. पूर्वज शोधतोय."

"जातीच्या दाखल्यासाठी?"

"नाही."

"वारसनोंद?"

"नाही हो."

"जमीन आहे का त्यांच्या नावावर?"

"नसावी."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग कशाला शोधताय?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही नीट उत्तर नाही. गावातल्या भाऊबंदांना मात्र उत्तर लगेच सापडलं. पुण्याहून माणूस आलाय आणि खापरपणजोबांची चौकशी करतोय म्हटल्यावर तो हिस्सा मागायलाच आलाय, हे सकाळी एसटीतून उतरल्यापासून दुपारपर्यंत गावभर झालं. ज्यांच्या ओटीवर चहाला थांबलो, त्यांनी मी न विचारताच सांगितलं, की कलमांची बाग त्यांच्या वडिलांनी स्वतः लावली आणि विहीर स्वतः खणली. जुने कागद? "कसले कागद! वाळवीने खाल्ले." दुसऱ्या घरी ते जळाले होते. तिसऱ्या घरी ते होते, पण ट्रंकेची किल्ली मुंबईच्या मुलाकडे होती आणि मुलगा कधी येईल ते सांगता येत नव्हतं. निघताना मला एक फणस मात्र दिला, बहुधा हिस्सा म्हणून.

पुण्याच्या नातेवाइकांची तऱ्हा निराळी. इथे सगळ्यांचे कागद पानशेतला गेले. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, पेठांतून पाणी शिरलं, खूप घरं वाहून गेली, हे खरं आणि दुःखाचं आहे. पण तेव्हा जे साताऱ्यात राहत होते त्यांचेही कागद पानशेतला गेले आणि जे पर्वतीच्या पायऱ्यांपेक्षा उंच राहत होते त्यांचेही गेले. एका चुलतभावाचा जन्म १९६४ चा; त्याचा शाळा सोडल्याचा दाखलाही त्याच पुरात गेला, असं तो नोकरीच्या ठिकाणी सांगत असे.

अखेर थोरल्या काकांच्या माळ्यावर एक पाकीट निघालं. मोडीतलं पत्र. वर पत्ता. काकांना मोडी येत नाही, पण त्याने त्यांचं काही अडलं नाही.

"हे बघ. पहिलं अक्षर काय? रा. म्हणजे रावबहादूर!"

"काका, ते दोनदा आहे. रा. रा."

"मग दोनदा मिळाली असेल."

राजमान्य राजश्री त्या काळी सगळ्यांनाच लिहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. आधी पत्र वाचायला हवं होतं, म्हणून मोडीच्या वर्गात नाव घातलं. मोडी ही फार मायाळू लिपी आहे. आधी पानभर रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं लोंबकळत सोडायची. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. शाळेत ज्या चुकांसाठी मी बाकावर उभा राहिलो, त्या या लिपीत चुकाच नव्हत्या. वर्गात निम्मे लोक माझ्यासारखे पूर्वजपीडित आणि बाकीचे तरुण, धंदेवाईक. जातीच्या दाखल्यांसाठी आणि जमिनींच्या दाव्यांसाठी जुने कागद उपसायचं काम निघाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना सुगीचे दिवस आलेत. आमच्या मास्तरांची वेळ घ्यायची तर हृदयविकाराचे डॉक्टर लवकर भेटतात.

पत्र वाचून झालं. एका सावकाराचं होतं. राजमान्य राजश्रींकडे बाकी राहिलेल्या रकमेची त्याने आठवण करून दिली होती. भाषा मात्र फार अदबीची.

कुणी तरी म्हणालं, त्र्यंबकेश्वरला जा. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. गेलो. गुरुजींनी आडनाव, गोत्र आणि मूळ गाव एवढंच विचारलं, आत गेले आणि लांबट वही घेऊन आले. सरकारी कचेऱ्यांनी महिनोन्‌महिने तोंड वेंगाडायला लावलं, आणि इथे चहा निवायच्या आत पाच पिढ्या समोर. पान जरा तपकिरी पडलेलं, कडा मऊ झालेल्या, आणि त्यावर खापरपणजोबांचं स्वतःच्या हातचं अक्षर. शाई मध्येच फिकी झाली होती, टाक पुन्हा बुडवल्यावर 'महादेव' ठसठशीत उठला होता. शके १८०९, म्हणजे इसवी सन १८८७. समागमे मातोश्री, बंधू, आणि 'भार्या, द्वितीय संबंध'.

द्वितीय संबंध! घरात याचा कुणी उच्चारही केला नव्हता. आत्याला तिथूनच फोन लावला. "असलं काही आपल्यात नव्हतं," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "आणि असलं तरी ती बिचारी लवकरच गेली, पहिली. बाळंतपणात." म्हणजे माहीत होतं. झाडावर जागा नसल्यामुळे तिने ते आजवर स्वतःपाशी ठेवलं होतं.

नोंदीच्या खाली आणखी एक ओळ होती. गुरुजींनी ती बोट ठेवून, सावकाश, माझ्या तोंडाकडे बघत वाचली: 'गोदानाबद्दल सव्वा रुपया देणे. मागाहून पाठवितो.'

"पाठवला का त्यांनी?" मी विचारलं.

गुरुजी काही बोलले नाहीत. आढ्याकडे पाहत राहिले. शके १८०९ पासूनचं व्याज मी मनातल्या मनात काढायला घेतलं आणि निम्म्यातच सोडून पाचशे एक रुपये ठेवले. गुरुजींनी पावती म्हणून माझंही नाव वहीत लिहून घेतलं. आता माझा खापरपणतू येईल तेव्हा घराण्यावर निदान नवी बाकी नको.

वहीत हुद्दा होता: कारकून, मीठ खाते, उरण. मामलेदार नाही, शिरस्तेदार नाही. आजोबा तेवढे खरं बोलले होते.

मिठाचा धागा धरून मी मुंबईच्या पुराभिलेखागारात पोचलो. काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. १८२१ सालापासून हे दप्तर जमतंय. किताबांच्या याद्या सरकारी गॅझेटात छापून येत, त्या आधी चाळल्या. ज्युबिलीच्या वर्षीची यादी भिंगाखाली धरली. रावबहादूर पुष्कळ होते, आमचा एकही नव्हता.

माझ्या शेजारी मॉरिशसहून आलेलं एक जोडपं बसलं होतं. घरात मराठी टिकवून आहेत, आडनावही आपल्यातलंच. गुलामगिरी बंद होताना तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून गिरमिट करून इकडून माणसं नेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तिन्ही बंदरं त्यासाठी होती, आणि मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. त्यांचे कागद आज मोकामधल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. गृहस्थांनी घडी उलगडून नक्कल दाखवली: पूर्वजाचा नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण. गावाच्या नावाचा साहेबाने असा चेंदा केला होता, की ते चिपळूणपासून राजापूरपर्यंत कुठेही बसलं असतं. त्या शोधातच ते इथवर आले होते.

"तुमच्या पूर्वजाचं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"रावबहादूर होते."

"कागद?"

"कागद नाही."

ते सभ्य होते, पुढे काही बोलले नाहीत. ज्याला बोटीत कोंबून नेला, त्याची उंची इंचात लिहिलेली. आणि आमचे घरी बसून मोठे झालेले, त्यांची उंची दर मौंजीला वाढणारी. मला तर क्षणभर वाटलं, आमच्यातलाही एखादा महादेव त्या बोटीत चढला असता तर बरं झालं असतं. निदान कोणता महादेव ते कळलं असतं.

आणि मग फाइल आली. मीठ खात्याची, मार्च १८८९ ची. उरणच्या एका मिठागरावर चार मण मीठ कमी भरलं होतं. आदल्याच वर्षी सरकारने मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता, तेव्हा सरकारचं नुकसान रुपये दहा. जबाबदार कारकून महादेव विष्णु, दरमहा पगार रुपये पंधरा. त्याच्याकडून खुलासा मागवला होता. खुलासा मोडीत, खाली त्याचं इंग्रजी भाषांतर. खापरपणजोबांनी सरकारचरणी नम्रपणे कळवलं होतं, की अवकाळी पाऊस आल्यामुळे मीठ विरघळलं.

समासात साहेबाने लाल शाईत लिहिलं होतं, की त्या दिवशी मी स्वतः त्याच रस्त्याने घोड्यावरून गेलो. आकाशातून धुळीखेरीज काहीही पडत नव्हतं. पगारातून दरमहा दोन रुपये कापावेत, पाच महिने.

मी ही नक्कल घेऊन घरी आलो. सगळे जमले होते. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. हिने हळूच विचारलं, "हे छापायचं?" धाकट्या काकांनी सुचवलं, की हे महादेव विष्णु दुसरे कुणी तरी असतील, या नावाचे खूप असतात. आमच्या घराण्यात हे विधान नाकारणं कुणालाच शक्य नव्हतं. चार मण मीठ गेलं कुठे, हा प्रश्न मात्र एकानेही विचारला नाही. तेवढी सभ्यता आमच्यात आहे.

थोरले काका डोळे मिटून बसले होते. ते एकदम ताठ झाले.

"साल काय म्हणालास?"

"१८८९."

"आणि गांधींनी मीठ उचललं कधी?"

"१९३०."

"म्हणजे एक्केचाळीस वर्षं आधी!" काकांचा आवाज चढला. "अरे, सरकारचं चार मण मीठ या माणसाने सरकारच्या नाकावर टिच्चून गोरगरिबांच्या घरी पोचवलं, वर साहेबाला तोंडावर सांगितलं, पाऊस पडला म्हणून! उन्हात! ही थोबाडीत नाही तर काय आहे? आणि दंड भरला तो हूं की चूं न करता. सविनय कायदेभंग म्हणतात तो हाच."

आत्याला एकदम आठवलं, की गोरगरिबांना मीठ वाटल्याचं तिच्या आजीने तिला सांगितलं होतं. न्यू जर्सीहून पुतण्याचे तीन अंगठे आले.

कुलवृत्तांत लग्नाच्या आदल्या दिवशी छापून आला. नाव, 'मिठाचा पहिला सत्याग्रही'. प्रस्तावना थोरल्या काकांची. साहेबाचा लाल शेरा जागेअभावी गाळला आहे. आत्या आता झाडावर आहे, आणि तिच्या हट्टामुळे ती बाळंतपणात गेलेली पहिली बायकोही आहे. नाव तेवढं रमा की लक्ष्मी यावर एकमत झालं नाही, म्हणून दोन्ही छापलीत. विहीणबाईंनी पुस्तक हातात घेऊन आधी शेवटचं पान काढलं आणि म्हणाल्या, "घडीचा नाही का वंशवृक्ष?"

छापखान्याने पाचशेच्या खाली दर परवडत नाही म्हटल्यामुळे पाचशे प्रती काढल्या. आमची घरं भाऊबंद धरून चाळीस, आणि गावच्या भाऊबंदांनी पुस्तक घेतलं तर हिश्शावर सही होईल या भीतीने प्रती परत पाठवल्या. तेव्हा ज्यांना हवं असेल त्यांनी जरूर यावं. किंमत ठेवलेली नाही. येताना पिशवी मोठी आणावी. सुट्या प्रती दिल्या जात नाहीत.